नावांची यादी : संगणकभाषेत डिरेक्टरी वाचण्याची सोय कशी असावी



संगणकासाठी नवी भाषा रचावयाची म्हटले, की रचणाऱ्याचे लक्ष प्रथम मोठ्या गोष्टींकडे जाते. अंकगणित कसे लिहावे, अटी कशा मांडाव्यात, एकच काम पुनःपुन्हा करून घेण्याची वाक्ये कशी असावीत, यांवर वर्षानुवर्षे वाद चालतात. एक लहानसा प्रश्न मात्र बहुधा अखेरपर्यंत तसाच पडून राहतो. या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीला ‘येथे कोणकोणत्या फायली आहेत?’ असे विचारावयाचे झाल्यास तिने ते कोणत्या शब्दांत विचारावे? आज मी केवळ एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे.

हा प्रश्न किती उपेक्षित राहिला हे पाहण्यासारखे आहे. १९५७ ची फोर्ट्रान, १९६० ची कोबोल, १९७० ची पास्कल या भाषांच्या मूळ व्याख्यांत फीत किंवा फाइल वाचण्याची तरतूद होती; डिरेक्टरीचा उल्लेख नव्हता. ‘सी’ भाषेचे प्रमाण रूप १९८९ मध्ये ठरले. त्यात नाव सांगून फाइल उघडता येते, तिचे नाव बदलता येते, ती नष्टही करता येते. परंतु कोणती नावे अस्तित्वात आहेत हे विचारण्याची सोय त्यात नव्हती, आणि भाषेच्या प्रमाण रूपात ती आजही नाही. ज्याला नाव आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी दार उघडे ठेवले. ज्याला ते ठाऊक नाही त्याने काय करावे याविषयी मात्र मौन पाळले. सी भाषेची लेक म्हणावी अशा सी प्लस प्लस या भाषेलासुद्धा ही सोय आपल्या प्रमाणग्रंथात आणण्यासाठी २०१७ साल उजाडावे लागले.

याचे कारण आळस हे नाही. फायली ठेवणे, त्यांची नोंद राखणे हा यंत्राचा कारभार पाहणाऱ्या कार्यप्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा, प्रांत आहे. भाषेने त्यात हात घालू नये, अशी धारणा होती. धारणा चुकीची म्हणता येत नाही, परंतु तिचा परिणाम असा झाला, की प्रत्येक आज्ञावलीकाराने कारभाऱ्याच्या वहीत स्वतःच डोकावण्यास सुरुवात केली. त्यातून काय घडले ते पुढे येईलच. तत्पूर्वी डिरेक्टरी म्हणजे नेमके काय हे समजून घेऊ, आणि त्यासाठी रायपूरइतके सोयीचे ठिकाण मला दुसरे सापडले नसते.

छत्तीसगड हे नाव छत्तीस गडांच्या गणनेवरून पडले असे परंपरा सांगते. हैहयवंशी कलचुरी राजांच्या काळी शिवनाथ नदीच्या उत्तरेचे १८ गड रतनपूरच्या गादीकडे आणि दक्षिणेचे १८ गड रायपूरच्या गादीकडे होते. एका गडात ८४ गावे धरीत. बारा गावांचा एक गट, त्यास ‘बरहों’ म्हणत. असे सात गट मिळून एक गड होई. गडावर दिवाण, बरहोंवर दाऊ आणि गावावर गौंटिया, अशी अधिकाऱ्यांची उतरंड होती. प्रत्येक गडाची गावे मोजून ८४ भरत असतील असे समजण्याचे कारण नाही. राज्यकारभारातील गोल आकडे असेच असतात. पुढे बिंबाजी भोसल्यांची कारकीर्द १७८७ मध्ये संपल्यावर नागपूरकरांच्या सुभेदारांनी ही घडी मोडून परगणे पाडले आणि त्यांवर कमाविसदार नेमले. मधल्या पातळीची नावे बदलली, गावे जागच्या जागी राहिली. ही गोष्ट लक्षात असू द्यावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

आता समजा, राजाने दिवाणास विचारले, ‘तुझ्या गडात काय काय आहे?’ दिवाण सात बरहोंची नावे सांगेल. चौऱ्याऐंशी गावांची नावे त्याच्या तोंडी असण्याची गरज नाही. ती हवी असतील तर सात दाऊंना एकेक करून विचारले पाहिजे, आणि प्रत्येक दाऊ आपापली बारा नावे देईल. एका ठिकाणी एका पातळीचीच यादी असते, आणि यादीतील प्रत्येक नावाबाबत एक जोडप्रश्न उरतो : हे गाव आहे, की गावांचा गट? संगणकातील डिरेक्टरीची रचना हुबेहूब अशीच आहे. अशी झाडासारखी फांद्या फुटत जाणारी मांडणी ‘मल्टिक्स’ या प्रणालीसाठी डेली आणि न्यूमन यांनी १९६५ मध्ये एका निबंधात मांडली. तेथून ती बेल प्रयोगशाळेत घडलेल्या ‘युनिक्स’ मध्ये आली, आणि १९८३ मध्ये ‘एमएस-डॉस’ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर घरगुती संगणकांतही पोहोचली.

पडद्यावर आपणांस डिरेक्टरीच्या जागी पुठ्ठ्याच्या फोल्डरचे चित्र दिसते. हे चित्र थोडे फसवे आहे. जुन्या मराठी दप्तरखान्यांत कागद रुमालात बांधून ठेवीत. रुमाल सोडला की कागद हाती येत. डिरेक्टरीत असे काही बांधलेले नसते. ती दप्तरदाराजवळची यादी असते : डाव्या बाजूस नाव, उजव्या बाजूस तो कागद कोठे ठेवला आहे त्याचा क्रमांक. म्हणूनच युनिक्समध्ये एकाच क्रमांकापुढे दोन नावे असू शकतात, आणि नाव खोडले तरी दुसरे नाव शिल्लक असेपर्यंत कागद नष्ट होत नाही.

आरंभीच्या युनिक्समध्ये ही यादी साध्या फाइलसारखीच वाचता येत असे. प्रत्येक नोंद १६ बाइटांची : दोन बाइट क्रमांकासाठी, चौदा नावासाठी. क्रमांकाच्या जागी शून्य असेल तर ती नोंद खोडलेली समजावयाची. वेगळी सोय लागतच नसे. कोणीही फाइल उघडावी, सोळा-सोळा बाइट मोजून घ्यावेत आणि नावे वाचावीत. यापेक्षा साधे ते काय असणार? शेकडो आज्ञावल्यांनी तसेच केले. नंतर १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी युनिक्सच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत फायलींची व्यवस्था नव्याने बांधली आणि नावाची मर्यादा २५५ बाइटांपर्यंत वाढविली. नोंदी आता कमीअधिक लांबीच्या झाल्या, आणि सोळापर्यंत मोजणारी प्रत्येक आज्ञावली निकामी ठरली.

त्या चौदा बाइटांविषयी आपणांस एक गंमत सांगतो. आज देवनागरी लिहिण्यासाठी सर्वत्र जी युटीएफ-८ पद्धत वापरतात, तिच्यात प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त यांचीही स्वतंत्र गणना होते. ‘रायपूर’ या नावात सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट. ‘दुर्ग’ पाच चिन्हांचे, १५ बाइट. ‘बस्तर’, ‘धमतरी’, ‘राजिम’ हीदेखील पंधरा-पंधरा बाइटांची. या प्रदेशातील इतक्या आटोपशीर नावांपैकी एकही त्या जुन्या चौकटीत बसले नसते. २५५ बाइटांत सुद्धा आपणांस ८५ चिन्हेच मिळतात.

बर्कलीच्या मंडळींनी नवी व्यवस्था देताना एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी यादीचा आतील आकार झाकून टाकला आणि ती वाचण्यासाठी काही लहान क्रिया दिल्या. ‘ओपनडिर’ ने यादी उघडावी, ‘रीडडिर’ ने पुढची नोंद मागावी, ‘क्लोजडिर’ ने यादी मिटावी. नोंद किती बाइटांची आहे हे मागणाऱ्यास कळत नाही, आणि कळण्याचे कारणही नाही. १९८८ मध्ये या क्रिया पॉझिक्स या प्रमाणात समाविष्ट झाल्या. त्यानंतरच्या चार दशकांत फायली साठविण्याच्या किती पद्धती आल्या आणि गेल्या; ओपनडिरने यादी वाचणारी आज्ञावली मात्र त्यामुळे मोडली नाही.

तेव्हा नव्या भाषेत काय द्यावे? या तीन क्रिया जशाच्या तशा उचलून द्याव्यात, हा एक मार्ग आहे, आणि पर्लसारख्या भाषांनी तो पत्करला. परंतु भाषा शिकणाऱ्यास उघडणे, मागणे आणि मिटणे ही तिन्ही कामे सांभाळावयास लावणे मला अवाजवी वाटते. मिटावयास विसरलेल्या यादीचे ओझे यंत्रावर राहते, आणि माणूस विसरतोच. ‘या डिरेक्टरीतील प्रत्येक नोंदीसाठी पुढील काम कर’ असे एकच वाक्य भाषेत असावे आणि उघडमीट तिने स्वतः करावी.

या बाबतीत ऑक या भाषेचे उदाहरण मला विशेष आवडते. आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी १९७७ च्या सुमारास घडविलेली ही भाषा मजकुराच्या ओळी एकामागून एक वाचून त्यांवर काम करते; तिचा सारा संसार तेवढाच. तिच्या जीएनयू आवृत्तीला पुढे डिरेक्टरी वाचण्याची एक जोडसोय मिळाली, ती अशी : डिरेक्टरीचे नाव दिले, की तिच्यातील प्रत्येक नोंद ही जणू मजकुराची एक ओळ म्हणून समोर येते. ओळीत तीन रकाने : क्रमांक, नाव आणि प्रकाराचे एक अक्षर. रकाने तिरप्या रेघेने विभागलेले. रेघच का, स्वल्पविराम किंवा मोकळी जागा का नाही, याचे उत्तर सुरेख आहे. युनिक्सच्या फाइलनावात शून्य बाइट आणि तिरपी रेघ ही दोनच चिन्हे निषिद्ध आहेत. मोकळी जागा, स्वल्पविराम, इतकेच काय नवीन ओळीचे चिन्हसुद्धा नावात चालते. ‘माझी शेती’ नावाची फाइल दोन तुकड्यांत तोडून ‘माझी’ आणि ‘शेती’ अशा दोन न सापडणाऱ्या फायलींचा शोध घेणाऱ्या आज्ञावल्या आपणांपैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. रेघ वापरली की तो धोकाच राहत नाही. भाषेत नवे व्याकरण न आणता, तिच्या मूळ स्वभावातच सोय बसविली आहे.

नावाबरोबर प्रकार सांगण्याचे महत्त्व पायथॉन भाषेच्या इतिहासावरून कळते. पायथॉनमध्ये ‘लिस्टडिर’ ही क्रिया फार पूर्वीपासून होती. ती फक्त नावे देई. संपूर्ण झाड फिरावयाचे तर प्रत्येक नावासाठी कार्यप्रणालीकडे पुन्हा जाऊन ‘ही फाइल आहे की डिरेक्टरी?’ असे विचारावे लागे. वास्तविक बहुतेक कार्यप्रणाली यादी देतानाच हे सांगतात; लिस्टडिर ते ऐकून टाकून देत असे. दाऊने बारा नावे दिली, प्रत्येकापुढे ‘गाव’ असे लिहिलेही, आणि कारकुनाने तेवढा रकाना कापून टाकून मग बारा स्वार बारा दिशांना धाडले, असा तो प्रकार होता. २०१५ मध्ये आलेल्या ‘स्कॅनडिर’ ने तो रकाना जपला, आणि झाड फिरण्याचे काम युनिक्ससदृश प्रणालींवर दोन-तीन पटींनी, विंडोजवर आठ-नऊ पटींनी वेगवान झाले.

यादी कोणत्या क्रमाने यावी? रीडडिर कोणत्याही क्रमाचे वचन देत नाही. नोंदी ज्या क्रमाने हाती लागतील त्या क्रमाने येतात. गो भाषेची २०२१ मध्ये आलेली ‘रीडडिर’ ही क्रिया मात्र नावे क्रमवार लावून देते. लहान भाषेसाठी माझा कौल गो भाषेच्या बाजूने आहे. एकाच डिरेक्टरीवर तीच आज्ञावली दोनदा चालविली आणि दोन भिन्न क्रम मिळाले, तर नवशिक्याचा यंत्रावरील विश्वास उडतो. मात्र हा क्रम चिन्हांच्या सांकेतिक अंकांचा असतो, वर्णमालेचा नव्हे, हे भाषेने स्पष्ट लिहून ठेवावे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ च्या नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’ च्या लगेच पुढे, ‘व’ च्या आधी आहे. परिणामी आपल्या शब्दकोशात ‘कवर्धा’ आधी आणि ‘कळवण’ नंतर. यंत्राच्या यादीत नेमके उलट. वर्णमालेप्रमाणे लावणे हे वेगळे काम असून त्यासाठी वेगळी क्रिया असावी. डिरेक्टरी वाचणाऱ्या क्रियेने वाचकाची मायबोली ओळखण्याच्या फंदात पडू नये.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हे सारे सांगत आलो, त्याकडे वळतो.

छत्तीसगडच्या जमिनीच्या नोंदी आज ‘भुइयां’ या नावाने संगणकावर पाहता येतात. जिल्हा, तहसील, पटवाऱ्याचा हलका, गाव आणि शेवटी खसरा क्रमांक अशी त्यांची उतरंड आहे; गड, बरहों आणि गाव यांचीच नवी पिढी म्हणा. अशा प्रकारच्या एखाद्या कचेरीची कल्पना करा, जिथे प्रत्येक गावाची एक फाइल आहे आणि एक आज्ञावली रोज रात्री डिरेक्टरी वाचून सर्व फायलींची प्रत काढून ठेवते. फायली शंभर. त्यांतील एकीचे नाव जुन्या काळी इस्की या भारतीय संकेतपद्धतीत लिहिलेले आहे. युटीएफ-८ च्या नियमांनी त्या बाइटांचा अर्थ लागत नाही. यादी मागितल्यावर काय व्हावे?

डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथॉन ३.० चे उत्तर असे होते : ज्या नावाचा अर्थ लागत नाही ते वगळावे. लिस्टडिरने नव्याण्णव नावे दिली असती आणि चुकीचा कोणताही इशारा दिला नसता. आज्ञावली काम पूर्ण झाल्याचे सांगून थांबली असती. मूळ फाइल ज्या दिवशी खराब होईल त्या दिवसापर्यंत कोणास पत्ता लागला नसता, आणि त्या दिवशी एका गावाची एकही प्रत कोठे मिळाली नसती. पायथॉनच्या रचनाकारांना हे लवकरच उमगले. २००९ च्या ३.१ या आवृत्तीत त्यांनी अनाकलनीय बाइट विशिष्ट चिन्हांच्या रूपाने नावातच जपून ठेवण्याची युक्ती आणली. असे नाव छापले तर विचित्र दिसेल, परंतु त्याच नावाने फाइल उघडता येते. यादीतून कोणी गळत नाही.

नाव वाचता न येणे आणि नाव नसणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्या भाषेत डिरेक्टरी वाचण्याची सोय आहे तिने ‘सांगितले तेवढेच होते’ एवढी हमी दिलीच पाहिजे. वेग, क्रम, सोयीस्कर व्याकरण या साऱ्या गोष्टी तिच्या मागून. युनिक्सच्या प्रत्येक यादीत स्वतः त्या डिरेक्टरीसाठी एक टिंब आणि वरच्या डिरेक्टरीसाठी दोन टिंबे अशा दोन नोंदी असतात. त्या यादीतून काढाव्यात, नाही तर झाड फिरणारा त्याच फांदीवर गरगरत राहील. परंतु काढावयाच्या त्या दोनच. रॉब पाइक यांनी सांगितल्याप्रमाणे, या दोन नोंदी लपविण्यासाठी युनिक्सच्या ‘एलएस’ या आज्ञेत कोणी तरी ‘पहिले अक्षर टिंब असेल तर सोडून दे’ असा आखूड मार्ग घेतला, आणि टिंबाने सुरू होणारी सर्वच नावे अदृश्य झाली. पुढे लोकांनी त्याचा उपयोग करून घेतला ही गोष्ट वेगळी.

दिसावयास सारखी आणि यंत्रास निराळी, अशी नावे हा आपल्या लिपीतील आणखी एक पेच. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना भेद दिसत नाही. लिनक्सवर त्या दोन स्वतंत्र फायली होतील. ॲपलची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था नावे फोडून दुसऱ्या रूपात साठवी, त्यामुळे एका रूपात दिलेले नाव यादीत दुसऱ्या रूपात परत येई. भाषेने येथे दुरुस्ती करू नये असे माझे मत आहे. यादीत जसे नाव आहे तसेच ते हाती द्यावे. तुलनेसाठी एकरूप करणे हे मागणाऱ्याच्या इच्छेवर सोडावे. यादी वाचणाराच नावे सुधारू लागला, तर सुधारलेल्या नावाने ती फाइल पुन्हा उघडेलच याचा भरवसा राहत नाही.

आणि यादी वाचत असतानाच ती बदलली तर? राज्य झाले तेव्हा, २००० मध्ये, छत्तीसगडात १६ जिल्हे होते. २०१२ मध्ये २७ झाले आणि २०२२ मध्ये ३३. राजिम पूर्वी रायपूर जिल्ह्यात होते, २०१२ पासून ते गरियाबंद जिल्ह्यात आहे. महानदीच्या काठचे गाव हलले नाही. त्याच्यापर्यंत जाणारी नावांची वाट बदलली. संगणकात हे सदैव चालू असते, आणि क्षणार्धात होते. पॉझिक्स प्रमाण स्पष्ट सांगते, की यादी उघडल्यानंतर जी नोंद जोडली किंवा काढली गेली, ती वाचनात येईलच किंवा येणारच नाही असे काहीही ठरलेले नाही. भाषेनेही येथे खोटे वचन देऊ नये. यादीत दिसलेले नाव उघडताना सापडले नाही तर तो अपघात नसून नित्याचा प्रसंग समजावा, आणि तो हाताळण्याची रीत भाषेच्या पहिल्याच उदाहरणात दाखवावी.

राहिला प्रश्न संपूर्ण झाड फिरण्याचा. प्रत्येक भाषेत यासाठी तयार क्रिया असावीच, कारण हे काम जो तो स्वतः करू लागला की नेमकी एक गोष्ट विसरतो : ४.२ बीएसडीने १९८३ मध्ये आणलेले सांकेतिक दुवे. एका फांदीवर ठेवलेला दुवा खोडाकडे बोट दाखवीत असेल, तर त्यामागे जाणारा कधीच परत येत नाही. म्हणून दुव्याचे नाव यादीत द्यावे, त्याचा प्रकार ‘दुवा’ असा सांगावा, आणि स्पष्ट आज्ञा असल्याखेरीज त्याच्या मागे जाऊ नये. पायथॉनची ‘वॉक’ ही क्रिया असेच वागते.

परंतु त्याच ‘वॉक’ मध्ये एक जुनी सवय आजही टिकून आहे. वाटेत एखादी डिरेक्टरी वाचण्याची परवानगी नसेल, तर आज्ञावलीकाराने वेगळे सांगितल्याखेरीज ती क्रिया ती चूक गिळून पुढे जाते. दाऊच्या वाड्यास कुलूप होते, म्हणून त्याची बारा गावे मोजलीच नाहीत, आणि दिवाणासमोर बहात्तरांची यादी ठेवून दिली. मी सुचवीत असलेल्या आराखड्यात अशा डिरेक्टरीची नोंद यादीत येते आणि तिच्या प्रकाराच्या रकान्यात ‘वाचता आली नाही’ असा शेरा पडतो. ज्या आज्ञावलीने या शेऱ्याची काहीच व्यवस्था लावलेली नाही, ती त्याच ठिकाणी थांबते आणि कोणत्या वाटेवर थांबली ते छापते.